कॅमेऱ्याची बॅटरी-ग्रिप : मूळ कंपनीची की दुसऱ्या कंपनीची?

कॅमेरा विकत घेताना आपले विद्यार्थी जेवढा खल करतात, तेवढा पदवीचा विषय निवडतानाही करीत नसावेत. चार मित्रांचे सल्ले, सहा दुकानांच्या फेऱ्या, घरच्यांची मनधरणी असे सर्व सोपस्कार झाल्यावर कॅमेरा हाती येतो. त्याच्या खाली बसवावयाची बॅटरी-ग्रिप मात्र दहा मिनिटांत घेतली जाते. ती घेताना दोनच मते ऐकू येतात. एक पक्ष म्हणतो, "घ्यायची तर कंपनीचीच, डुप्लिकेट वस्तूने कॅमेरा जळतो." दुसरा म्हणतो, "प्लॅस्टिकच्या डबीला एवढे पैसे कशाला? चौथ्या हिश्श्यात तीच वस्तू मिळते." दोन्ही पक्ष आपापल्या जागी ठाम असतात. ग्रिपकडून आपल्याला नेमके कोणते काम करून घ्यावयाचे आहे, हे मात्र कोणी विचारीत नाही. माझ्या मते निवड त्यावरच करावयास हवी.

मी पदार्थविज्ञान शिकवितो आणि गेली काही वर्षे आपल्या महाविद्यालयाच्या छायाचित्र मंडळाचे काम पाहतो. त्यामुळे हा प्रश्न दरवर्षी कोणी ना कोणी विचारतोच. यंदा तो पैशांसह पुढे आला. मंडळाकडे दोन कॅमेरे आहेत. एक माजी विद्यार्थ्याने दिलेला निकॉन डी ७००, म्हणजे २००८ साली बाजारात आलेला नमुना. दुसरा मंडळाच्या निधीतून घेतलेला कॅनन ८०डी, हा २०१६ सालचा. दोहोंसाठी ग्रिप घ्यावी असे ठरले. निधी वर्गणीचा, म्हणून हात आखडता. शिवाय मंडळातील तीन-चार मुले सुट्टीच्या दिवशी हेच कॅमेरे नोंदवहीत सही करून नेतात, लग्ने-बारशी टिपतात आणि त्या मिळकतीतून पुढच्या सत्राची फी भरतात. त्यांच्या हातात कॅमेरा ऐन मुहूर्तावर बंद पडला, तर अक्षता पुन्हा टाकावयास कोणी सांगणार नाही. मुलाचे पैसे बुडतील आणि त्या घरचे चित्रही कायमचे हुकेल. म्हणून या वेळी मी थोडा कसोशीने विचार केला. तो येथे मांडतो.

प्रथम ग्रिप म्हणजे काय ते पाहू. कॅमेऱ्याच्या तळाला ट्रायपॉडसाठी जे आट्याचे छिद्र असते, त्यात स्क्रू फिरवून बसविली जाणारी ही एक पोकळ बैठक. तिच्यात जादा बॅटऱ्या मावतात आणि तिच्या एका टोकाला शटरचे दुसरे बटण असते. ही कल्पना डिजिटल युगातील नव्हे. फिल्मच्या काळात कॅमेऱ्याखाली मोटर ड्राइव्ह लावीत. निकॉनच्या १९८० सालच्या एफ ३ या कॅमेऱ्याला एमडी-४ नावाची मोटर असे. तिच्यात आठ पेन्सिल सेल बसत आणि ती फिल्म पुढे सरकविण्याबरोबर कॅमेऱ्यालाही वीज पुरवी. फिल्म गेली तशी ती ओढणारी मोटरही गेली. सेलांची पेटी आणि दुसरे बटण तेवढे मागे उरले.

आता तिची कामे. पहिले काम उभ्या चित्राचे. वधूवरांचे पूर्ण उंचीचे चित्र घ्यावयाचे, तर कॅमेरा उभा धरावा लागतो, आणि मग उजवा हात डोक्याच्या वर जातो व कोपर हवेत लोंबकळते. दोन-चार चित्रांपुरते हे चालते. बेळगावच्या शिवजयंतीच्या चित्ररथ मिरवणुकीत रात्रभर उभे राहून पाहा. पहाटेपर्यंत खांदा बोलू लागतो. गर्दीत ते वर गेलेले कोपर शेजाऱ्याच्या कानाला लागते ते वेगळेच. ग्रिपवरचे बटण वापरले की हात खालीच, शरीरालगत राहतो. कॅमेरा कमी हलतो आणि मंद प्रकाशातले चित्र अधिक स्पष्ट येते. दुसरे काम अर्थातच जादा बॅटरीचे. तिसरे काम काही थोड्या कॅमेऱ्यांपुरते आहे, ते म्हणजे वेग वाढविण्याचे. त्यातले विज्ञान मोठे रंजक आहे, त्याकडे पुढे येतो. चौथे काम उघड कोणी बोलत नाही. मंडळातल्या एका मुलाने मला स्पष्टच सांगितले, "सर, ग्रिप लावली की कॅमेरा मोठा दिसतो आणि लोक घासाघीस कमी करतात." हेही काम खरे मानले, तर ते स्वस्तातली स्वस्त ग्रिपसुद्धा चोख बजावते!

आता एकेक काम घेऊन दोन्ही पर्याय त्याच्यापुढे उभे करू.

जादा बॅटरीच्या बाबतीत दुसऱ्या कंपनीची ग्रिप सहसा कमी पडत नाही. यात अवघड असे फारसे काही नाही. दोन बॅटऱ्या, त्यांना टेकणारे धातूचे संपर्क आणि कॅमेऱ्यापर्यंत जाणाऱ्या तारा एवढाच मामला. परंतु मुळात या कामासाठी ग्रिप हवी का, हेही विचारावे. जपानमधील कॅमेरा-निर्मात्यांच्या सीपा या संघटनेने ठरविलेल्या चाचणीनुसार ८०डी एका बॅटरीवर सुमारे ९६० चित्रे घेतो आणि डी ७०० सुमारे १०००. ही चाचणी निम्म्या चित्रांना फ्लॅश उडवून करतात. त्यामुळे फ्लॅश न वापरणाऱ्याला प्रत्यक्षात अधिकही मिळतात. एखाद्या लग्नात दीड हजार चित्रे घेतली, तरी खिशातली एक जादा बॅटरी पुरते आणि ती बदलावयास अर्धा मिनिट लागतो. केवळ बॅटरीसाठी ग्रिप घेऊ पाहणाऱ्या विद्यार्थ्याला मी ग्रिपच घेऊ नको, त्या पैशांत एक अस्सल बॅटरी घे, असे सांगतो. दुकानदार माझ्यावर फारसे खूष नसतात.

उभ्या चित्राच्या बाबतीत मात्र पारडे फिरते. शटरच्या बटणाला दोन पायऱ्या असतात. अर्धे दाबले की कॅमेरा फोकस करतो व प्रकाश मोजतो. पूर्ण दाबले की चित्र निघते. मूळ कंपनीच्या ग्रिपवर या दोन पायऱ्या बोटाला कॅमेऱ्यासारख्याच जाणवतात. स्वस्त ग्रिपवर पहिली पायरी कधी कळतच नाही, आणि फोकस होण्यापूर्वीच चित्र निघून जाते. कधी बटण इतके कडक असते की दाबताना कॅमेराच हलतो. आकडे बदलण्याच्या चक्रीचेही तसेच. एक खाच फिरवावी आणि दोन पुढे जावे, किंवा काहीच घडू नये, असे होते. सुधारलेल्या पर्यायी ग्रिपा मी पाहिल्या आहेत आणि त्यांतल्या काही खरोखर चांगल्या आहेत. पण हा गुण खोक्यावर छापलेला नसतो. एकाच नावाच्या दोन नगांतही तो वेगळा निघतो. तेव्हा उभ्या बटणासाठी ग्रिप घेत असाल, तर स्वतःच्या बोटाने दाबून पाहिल्याशिवाय घेऊ नका. घरपोच मागविणाऱ्याने परत पाठविण्याची मुदत पाहून ठेवावी आणि त्या मुदतीत ती रोज वापरावी.

आता वेगाचे कोडे. डी ७०० हा कॅमेरा एकटा असताना सेकंदाला ५ चित्रे घेतो. त्याखाली निकॉनची एमबी-डी १० ही ग्रिप लावली आणि तिच्यात योग्य सेल घातले, की तोच कॅमेरा ८ चित्रे घेऊ लागतो. याच ग्रिपने डी ३०० चा वेग ६ वरून ८ होतो. ग्रिपमध्ये काही जादूची मोटर आहे काय? मुळीच नाही. कॅमेऱ्याची नेहमीची बॅटरी ईएन-ईएल ३ई ही ७.४ व्होल्टची. ग्रिपमध्येही तीच घातली, तर वेग तसूभर वाढत नाही. पण निकॉनच्या मोठ्या कॅमेऱ्यांची ईएन-ईएल ४ए ही बॅटरी ११.१ व्होल्टची आहे. ती घातली, किंवा आठ पेन्सिल सेल एकसर जोडणीत आले, म्हणजे पुनर्भरणाच्या सेलांचे ८ गुणिले १.२, अर्थात ९.६ व्होल्ट झाले, की आरसा उचलणाऱ्या व पडदा ताणणाऱ्या यंत्रणेला अधिक विभवांतर मिळते. ते आहे हे ओळखून कॅमेरा वरचा वेग खुला करतो. पुढे २०१७ साली आलेल्या डी ८५० मध्येही निकॉनने हीच युक्ती ठेवली; एमबी-डी १८ या ग्रिपमध्ये ईएन-ईएल १८ जातीची मोठी बॅटरी घातली की वेग ७ वरून ९ वर जातो.

यावरून एक गोष्ट लक्षात येईल. वाढलेला वेग व्होल्टचा असल्यामुळे पर्यायी ग्रिपलाही तो देता येणे शक्य आहे, आणि अशा अनेक ग्रिपा तो देतातही. अडचण येते ती विद्युत्प्रवाह वाढल्यावर. प्रत्येक सेलाला अंतर्गत रोध असतो, आणि संपर्काच्या प्रत्येक स्प्रिंगलाही थोडा रोध असतो. आठ सेलांच्या तबकात अशा सोळा जागा होतात. स्प्रिंग हलक्या धातूची, मुलामा पातळ आणि वर आपली पावसाळी दमट हवा. वर्षभरात तिच्यावर काळसर थर चढतो. कॅमेरा स्वस्थ असताना मीटर ९.६ व्होल्टच दाखवितो. सलग चित्रांचा मारा सुरू झाला की प्रवाह वाढतो, रोधावर व्होल्ट खर्ची पडतात आणि बॅटरी संपल्याचे चिन्ह लुकलुकू लागते. दोन मिनिटे थांबले की पुन्हा सारे ठीक! अशा वेळी मुले कॅमेऱ्याला दोष देतात. अल्कलाइन सेलांमध्ये हा प्रकार फार होतो, कारण त्यांचा अंतर्गत रोध अधिक. कागदावर आठांचे १२ व्होल्ट होतात, पण जोर द्यावयाच्या वेळी ते खाली बसतात. निकेल-मेटल हायड्राइडचे पुनर्भरण होणारे सेल कागदावर कमी आणि कामात सरस. ग्रिपमध्ये कोणत्या जातीचे सेल आहेत हे डी ७०० च्या मेन्यूत सांगावे लागते ते याचसाठी. प्रत्येक जातीचे व्होल्ट उतरण्याची रीत निराळी, त्यामुळे चुकीची जात निवडल्यास उरलेल्या शक्तीचा अंदाज चुकतो.

८०डी च्या बाबतीत हे कोडेच नाही. त्याची मूळ ग्रिप बीजी-ई १४. ती ७०डी, ८०डी आणि ९०डी या तिघांना चालते. तिने वेग वाढत नाही. बसविण्याची पद्धतही निराळी आहे. निकॉनच्या त्या ग्रिपमध्ये कॅमेऱ्याची स्वतःची बॅटरी पोटातच राहते आणि तळावरच्या संपर्कबिंदूंमार्फत ग्रिप जोडली जाते. कॅननमध्ये कॅमेऱ्याच्या बॅटरीचे झाकण काढून ठेवावे लागते आणि ग्रिपची मान त्या पोकळीत जाते. म्हणजे निकॉनची ग्रिप रुसली, तर आतली बॅटरी तरी कामाला येते. कॅननची रुसली, तर ग्रिप सोडवून, बॅटरी आत घालून, झाकण शोधून बसवावे लागते. मुहूर्तावर ही कसरत नको असेल, तर ते झाकण ग्रिपमध्ये किंवा पिशवीच्या ठरलेल्या कप्प्यात ठेवावे.

मजबुतीविषयी बरेच बोलले जाते. डी ७०० चे कवच मॅग्नेशियमच्या मिश्रधातूचे आहे आणि एमबी-डी १० चेही तसेच. तिच्या नकला बहुतेक प्लॅस्टिकच्या. हातात धरताना प्लॅस्टिकने काही बिघडत नाही. बिघडते ते ट्रायपॉडवर. ग्रिप मध्ये आली की कॅमेरा चार-पाच सेंटिमीटर उंच होतो आणि ट्रायपॉड व कॅमेरा यांच्यामध्ये एक जादा सांधा येतो. तो सांधा लवचिक असला, तर दोन-चार सेकंदांच्या चित्रात थरथर उतरते. यावरचा उपाय फुकट आहे. रात्रीची लांब उघडझापीची चित्रे घेताना ग्रिप काढून ठेवावी, मग ती मूळ असो वा पर्यायी. मोठ्या टेलिफोटो भिंगाला स्वतःचे ट्रायपॉडचे कडे असते. तेथे भार कड्यावर येतो आणि ग्रिपच्या लवचिकतेचा प्रश्न पुष्कळसा मिटतो. ८०डी चे बाह्यांग मुळातच प्लॅस्टिकचे असल्याने तेथे धातूच्या ग्रिपचा हट्ट धरण्यात अर्थ नाही.

पावसाचे मात्र गांभीर्याने घ्यावे. आपली मुले श्रावणात आंबोलीला जातात आणि तेथला पाऊस खालून, वरून, बाजूने सगळीकडून येतो. वरच्या श्रेणीच्या मूळ ग्रिपमध्ये सांध्यांशी व बटणांशी पाणी अडविणारी रबराची व्यवस्था असते. पर्यायी ग्रिपमध्ये ती पुष्कळदा नसते, किंवा असल्याचे खोक्यावर लिहिलेले तेवढे असते. मूळ कंपनीची ग्रिप लावली म्हणून कॅमेरा ओढ्यात धुवावा, असा याचा अर्थ नाही.

आता एक दोष, ज्याची चर्चा फारशी होत नाही आणि ज्याचा त्रास सर्वांत जास्त. काही स्वस्त ग्रिपा कॅमेरा बंद असतानाही वीज पीत राहतात. आमच्या एका विद्यार्थ्याने स्वतःसाठी घेतलेली अशी ग्रिप प्रयोगशाळेत आणली होती. शनिवारी भरलेल्या बॅटऱ्या पुढच्या रविवारी निम्म्याहून खाली येत. हिशेब सोपा आहे. कॅननच्या एलपी-ई ६ बॅटरीची क्षमता १८०० मिलिअँपिअर-तास. अशा दोन म्हणजे ३६००. ग्रिपमधून केवळ २० मिलिअँपिअर प्रवाह सतत झिरपत असेल, तर १८० तासांत, म्हणजे साडेसात दिवसांत, दोन्ही बॅटऱ्या रिकाम्या! २० मिलिअँपिअर म्हणजे एखाद्या लहानशा एलईडी दिव्याइतका प्रवाह. चाचणी करावयास प्रयोगशाळा लागत नाही. दोन्ही बॅटऱ्या पूर्ण भराव्यात, ग्रिप लावून कॅमेरा बंद करून तीन दिवस कपाटात ठेवावा आणि चौथ्या दिवशी मेन्यूतील टक्केवारी पाहावी. तीन-चार टक्क्यांचा फरक सोडून द्यावा. वीस-पंचवीस टक्के गेले असतील, तर ग्रिप परत करावी.

दोन बॅटऱ्या शेजारी बसविताना आणखी एक गोष्ट घडू शकते. एक पूर्ण भरलेली आणि दुसरी अर्धी अशा दोन बॅटऱ्या सरळ समांतर जोडल्या, तर भरलेलीतून अर्धीकडे प्रवाह वाहू लागतो आणि त्यावर कोणाचेच नियंत्रण नसते. चांगल्या ग्रिपमध्ये हा उलटा प्रवाह अडविणारी योजना असते. स्वस्त ग्रिप उघडून पाहिल्याशिवाय ती आहे की नाही हे कळत नाही. म्हणून जोडीच्या बॅटऱ्या एकाच वेळी घेतलेल्या, एकाच वयाच्या असाव्यात, एकत्र भराव्यात आणि एकत्रच घालाव्यात. आम्ही बॅटऱ्यांवर क-१, क-२ अशा चिठ्ठ्या चिकटविल्या आहेत.

बॅटऱ्यांचा विषय निघालाच आहे, तर येथे मी हटवादी आहे हे आधीच सांगतो. ग्रिप दुसऱ्या कंपनीची चालेल, बॅटरी शक्यतो मूळ कंपनीचीच हवी. ग्रिप बिघडली तर चित्र चुकते. लिथियमची बॅटरी बिघडली तर ती तापते, फुगते आणि प्रसंगी पेट घेते. कॅनन आपल्या पुस्तिकांत स्पष्ट लिहिते, की आपल्या नसलेल्या उपकरणांच्या दोषामुळे झालेल्या नुकसानीला कंपनी बांधील नाही, आणि उदाहरण देते ते बॅटरीचेच. पैशांची फारच ओढ असेल आणि दुसऱ्या नावाची बॅटरी घ्यावीच लागली, तर भारतीय मानक ब्यूरोचे आयएस १६०४६ हे मानक आणि नोंदणी क्रमांक तिच्यावर छापलेला आहे का ते पाहावे. क्षमतेच्या आकड्यांनाही भुलू नये. कॅननने या आकाराची बॅटरी १८०० पासून सुरू केली, मग १८६५ केली आणि २०२० साली २१३० पर्यंत नेली. त्याच आकाराच्या डबीवर कोणी २८०० किंवा ३००० लिहून ती निम्म्या किमतीला देत असेल, तर एवढा हुशार कारखानदार अजून अप्रसिद्ध कसा, याचा विचार करावा.

येथपर्यंत मी मूळ आणि पर्यायी असे दोनच वर्ग धरले. प्रत्यक्षात बाजारात आणखी दोन आहेत. एक बनावट. पर्यायी ग्रिप बनविणारा आपले नाव तिच्यावर घालतो आणि प्रामाणिकपणे सांगतो, की ही अमुक कॅमेऱ्याला चालेल. बनावट माल बनविणारा कॅननचे किंवा निकॉनचेच नाव घालतो. ही उघड फसवणूक आहे. गंमत अशी, की तिच्यात माल स्वस्तातला आणि किंमत मात्र पर्यायीपेक्षा चढी! "सर, बिल नको असेल तर ओरिजिनल एवढ्यात देतो," असे वाक्य कानी पडले, की दुकानाच्या पायऱ्या उतराव्यात.

दुसरा वर्ग म्हणजे वापरलेली मूळ ग्रिप, आणि हा माझा लाडका. आरशाचे कॅमेरे मागे पडून बिनआरशाच्या कॅमेऱ्यांकडे लोक वळल्यापासून जुन्या कॅमेऱ्यांबरोबर त्यांच्या ग्रिपाही विक्रीला निघतात. कॅमेरा विकताना लोक ग्रिपला वेगळा भाव लावीत नाहीत, किंवा अगदी जुजबी लावतात. ग्रिपमध्ये झिजण्यासारखे फार थोडे असते. बटणे चालतात ना, रबर सुटलेले नाही ना, आणि सेलांच्या तबकात हिरवट किंवा पांढरी बुरशीसारखी पूड नाही ना, एवढे पाहिले की पुरे. ती पूड म्हणजे गळलेल्या सेलाची खूण; असे तबक घेऊ नये.

ज्या कॅमेऱ्यांना मूळ कंपनीने ग्रिपच काढली नाही, तेथे निवडीचा प्रश्नच उरत नाही. निकॉनच्या डी ३००० आणि डी ५००० या कुळांतील छोटे कॅमेरे आपल्या विद्यार्थ्यांकडे पुष्कळ आहेत. त्यांच्या तळाला ग्रिपशी बोलणारे संपर्कबिंदूच नाहीत. त्यांच्यासाठी मिळणाऱ्या पर्यायी ग्रिपांत बॅटऱ्या बसतात, पण शटरसाठी एक बारीक तार बाहेरून कॅमेऱ्याच्या बाजूच्या खाचेत खुपसावी लागते. ती तार गर्दीत अडकते. या कॅमेऱ्यांना मी ग्रिप लावू देत नाही. छोटेपणा हाच त्यांचा गुण आहे.

बिनआरशाच्या कॅमेऱ्यांविषयी थोडक्यात. त्यांचा पडदा सतत जळत असल्याने बॅटरी लवकर संपते. सोनीचा पहिला ए ७ (२०१३) सीपाच्या मोजणीत एका बॅटरीवर ३४० चित्रांपर्यंतच जाई. पुढे २०१८ च्या ए ७ थ्रीमध्ये मोठी बॅटरी आली आणि आकडा ७१० झाला. आता अनेक नव्या कॅमेऱ्यांना यूएसबीवाटे पॉवर बँकही चालते, त्यामुळे जादा बॅटरीसाठी ग्रिप घेण्याची निकड कमी होत आहे. येथे मूळ कंपनीची म्हणजे परिपूर्ण, हेही गृहीत धरू नये. निकॉनने २०१८ च्या झेड ६ व झेड ७ साठी काढलेल्या एमबी-एन १० मध्ये दोन बॅटऱ्या बसतात, पण उभे बटणच नाही! ते २०२० च्या झेड ६ टू व झेड ७ टू साठी काढलेल्या एमबी-एन ११ मध्ये आले. फुजीच्या एक्स-टी ५ ला (२०२२) तर ग्रिपची सोयच ठेवलेली नाही.

मंडळापुरता निर्णय असा झाला. ८०डी साठी दुसऱ्या कंपनीची ग्रिप घेतली. वेगाचा प्रश्न नाही, कवच प्लॅस्टिकचेच, बटण आम्ही तिघांनी दुकानात अर्धा तास दाबून पाहिले आणि तीन दिवसांच्या कपाटातल्या परीक्षेतही ती उत्तीर्ण झाली. वाचलेल्या पैशांत दोन अस्सल बॅटऱ्या आल्या. डी ७०० साठी मात्र वापरलेली मूळ एमबी-डी १० शोधली. क्रीडास्पर्धा टिपताना सेकंदाला ८ चित्रांचा उपयोग होतो, आणि हा कॅमेरा मुले पावसातही नेतात. मोठ्या ईएन-ईएल ४ए बॅटरीच्या फंदात आम्ही पडलो नाही. तिला बीएल-३ नावाचे वेगळे झाकण लागते आणि वेगळा चार्जरही. आठ पुनर्भरणाचे सेल कोणत्याही दुकानात मिळतात आणि त्यांचा चार्जर प्रयोगशाळेत आहेच.

दोन्ही ग्रिपा प्रयोगशाळेच्या कपाटात आहेत; कॅमेऱ्याबरोबर हव्या असल्यास नोंदवहीत वेगळी सही करावी. डी ७०० च्या तळावरच्या संपर्कबिंदूंचे छोटे रबरी टोपण ग्रिप लावताना निघते. ते ठेवण्यासाठी ग्रिपमध्येच एक जागा केलेली आहे, ती वापरावी. ग्रिप परत करताना ते टोपण जागेवर आहे की नाही, हे साहाय्यक आधी पाहतील आणि मगच नोंदवहीतील सही खोडतील.